सुईत दोरा ओवायची नीट पद्धत: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

‘आता दोरा ओवता येत नाही’ असं म्हणणारे बहुतेक जण दोष डोळ्यांना देतात. डोळ्यांचा वाटा असतोच, पण जास्त वेळा चुकतो तो क्रम. रिळावरून हातभर दोरा तोडायचा, टोक जिभेवर फिरवायचं, सुई हवेत धरायची आणि नेढ्याच्या दिशेने दोरा टोचत राहायचा. हुकलेल्या प्रत्येक वेळी टोक सुईच्या कडेवर आपटतं आणि त्याचे पदर आणखी फुटतात. म्हणजे पाचवा प्रयत्न पहिल्यापेक्षा अवघड होऊन बसतो आणि आपण मात्र तेच टोक पुन्हा ओलं करून नेटाने चालू ठेवतो.

खालचा क्रम घरच्या हातशिलाईसाठी आहे: ब्लाउजचे हुक, शर्टाचं बटण, साडीचा फॉल, पँटची तुरपाई. भरतकामाचा दोरा, जर, लोकर आणि गोधडी यांचं थोडं वेगळं असतं, ते शेवटाकडे दिलं आहे. प्रत्यक्ष ओवणं काही सेकंदांचं काम आहे, म्हणून तयारीवर जास्त लिहिलं आहे. पहिल्या चार पायऱ्या गाळून थेट पाचवीवर उडी मारलीत, तर ती पद्धतही फसेल.

पायरी १: सुई कामाप्रमाणे निवडा

बऱ्याच घरांत डब्यात एकच ‘चालू’ सुई असते आणि फॉलपासून उशीच्या अभ्र्यापर्यंत सगळं तिच्यावर ढकललं जातं. दोरा जाड आणि नेढं बारीक अशी जोडी असेल, तर कोणतीही युक्ती चालत नाही.

हाताच्या सुयांचा हिशोब असा: नंबर जितका मोठा, तितकी सुई बारीक. मशीनच्या सुयांचं नेमकं उलट असतं, तिथे ११ नंबरपेक्षा १४ नंबर जाड. मशीनवर शिवणाऱ्यांचा दुकानात हमखास इथेच गोंधळ होतो. जाड सुई हवी म्हणून मोठा नंबर मागतात आणि घरी केसासारखी सुई येते.

साडीच्या फॉलला आणि पातळ कापडाला साधारण ९ किंवा १० नंबर, हुक-बटणांना ६ किंवा ७. जीन्ससारख्या जाड कापडाला त्याहून जाड. मिश्र सुयांचं एक पाकीट घरात असलं की बहुतेक कामं निघतात.

आता या लेखातला सर्वात कामाचा सल्ला. नेहमीच्या शिवणाच्या सुईचं (पाकिटावर ‘शार्प्स’ लिहिलेलं असतं) नेढं लहान आणि गोलसर असतं. भरतकामाच्या सुईची लांबी, जाडी आणि टोक जवळपास तसंच असतं, पण नेढं लांबट असतं. शिवायला दोन्ही सारख्याच चालतात, टाक्यात काही फरक पडत नाही. ज्यांना ओवायला त्रास होतो त्यांनी साध्या शिलाईसाठीही भरतकामाच्याच सुया घ्याव्यात. वर्षानुवर्षं बारीक गोल नेढ्याशी झगडणाऱ्यांना हे कुणी सांगितलेलं नसतं, आणि दुकानदारही विचारल्याशिवाय सांगत नाही.

*तपासा:* सुई उजेडासमोर धरून नेढं आरपार दिसतंय का पाहा. जुन्या सुयांच्या नेढ्यात गंज, मेण किंवा दोऱ्याचा एखादा तंतू अडकलेला असतो. नेढ्याची कड खरखरीत असेल तर दोरा ओवला गेला तरी चार टाक्यांत केसाळ होऊन तुटतो. अशी सुई घासूनपुसून वापरू नका, जाड कागदात गुंडाळून, चिकटपट्टी लावून टाकून द्या.

*आणखी एक:* नेढं ठोकून पाडलेलं असतं, त्यामुळे बऱ्याच सुयांत त्याची एक बाजू दुसरीपेक्षा किंचित मोकळी असते. एका बाजूने दोरा जात नसेल तर सुई चिमटीत अर्धी फिरवा आणि दुसऱ्या बाजूने पाहा.

पायरी २: दोरा आधी ओवा, मग तोडा

इथे जवळजवळ सगळेच उलट करतात. आधी लांबी मोजून दोरा तोडतात आणि मग हाती लागेल ते टोक ओवतात.

रिळाचं जे सुटं टोक हाताशी येतं, तेच सुईत ओवा. ओवून झाल्यावर हवा तितका दोरा ओढा आणि रिळाजवळ तोडा. जिथे तोडलंत, गाठ त्या टोकाला. याचे फायदे दोन. शिवणाच्या दोऱ्याला एका दिशेचा पीळ असतो. रिळावरून निघाला त्याच दिशेने तो कापडातून ओढला गेला तर पीळ कमी सुटतो आणि दोरा कमी गुरफटतो. दुसरा फायदा रोकडा आहे: मागे रिळाचं वजन असल्यामुळे ओवताना दोरा ताणलेला राहतो, पंख्याच्या वाऱ्यावर लोंबकळत नाही.

लांबी किती? बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत, म्हणजे साधारण ४५ सेंटीमीटर. बटणासाठी दुहेरी दोरा हवा असेल तर त्याच्या दुप्पट घेऊन दुमडा. ‘पुन्हा ओवायला नको’ म्हणून वावभर दोरा घेणं ही आळसापोटी होणारी नेहमीची चूक. लांब दोरा प्रत्येक टाक्याला पूर्ण कापडातून जातो, घासून झिजतो, त्याला वेटोळी पडतात आणि शेवटी मधेच तोडून पुन्हा ओवावाच लागतो.

*तपासा:* दोरा खिडकीसमोर ताणून धरा. अंगावर बारीक लव दिसत असेल तर तो स्वस्तातला किंवा जुनाट आहे, नेढ्यात अडकणारच. डब्याच्या तळाशी वर्षानुवर्षं पडलेलं सुती रीळ असेल तर वीतभर दोरा दोन्ही हातांत धरून झटका द्या. सहज तुटला तर तो कुजला आहे. रंग कितीही जुळत असला तरी तो वापरू नका.

पायरी ३: उजेड, मागचा रंग आणि चष्मा

दिवेलागणीला सुई हातात घेऊ नये असं घरातल्या जुन्या बायका सांगत. कारण काहीही सांगोत, कंदिलाच्या उजेडात नेढं दिसत नाही हे त्यातलं खरं. आता घरोघरी ट्यूबलाइट आहे, पण ती डोक्यामागे असते आणि आपल्याच डोक्याची सावली सुईवर पडते.

दिवसा खिडकीकडे तोंड करून बसा. रात्री टेबलावरचा दिवा डाव्या बाजूला, सुईपेक्षा जरा वर ठेवा (डावखुऱ्यांनी उजव्या बाजूला).

उजेडाइतकाच महत्त्वाचा मागचा रंग. काळा, निळा, मरून असा गडद दोरा असेल तर सुईमागे पांढरा कागद. पांढरा किंवा फिका दोरा असेल तर गडद कापड. फुलाफुलांच्या गाऊनसमोर किंवा चौकड्याच्या लुंगीसमोर सुई धरून नेढं शोधणाऱ्यांनी एकदा कोरा कागद ठेवून पाहावा. मांडीवर कागद पसरला तरी पुरतो.

चष्म्याचं जरा सविस्तर. चाळिशीच्या चष्म्याची काच एका ठरावीक अंतरासाठी असते. उदाहरणार्थ, जवळचं दिसणं पूर्णपणे चष्म्यावर अवलंबून असेल तर +२.५ नंबरच्या काचेतून साधारण ४० सेंटीमीटरवरचं सर्वांत स्पष्ट दिसतं. सुई दिसत नाही म्हटल्यावर आपण काय करतो? ती नाकाजवळ आणतो. त्यामुळे ती आणखी धूसर होते. चाळिशीचा चष्मा लावून सुई जवळ आणण्याऐवजी थोडी लांब न्या, वर्तमानपत्र जिथे धरता तिथपर्यंत.

ज्यांना लांबचं दिसत नाही म्हणून वजा नंबरचा चष्मा आहे, त्यांनी ओवण्यापुरता तो काढून पाहावा. –३ नंबरवाल्याला चष्म्याशिवाय सुमारे ३३ सेंटीमीटरवरचं छान दिसतं. लांबचं-जवळचं एकत्र असलेली काच असेल तर हनुवटी किंचित वर करून काचेच्या खालच्या भागातून पाहा. मान खाली घालून पाहिलं की नजर वरच्या, लांबच्या भागातून जाते आणि सुई अंधुक दिसते.

*सावधान:* चष्मा लावूनही एका डोळ्याने नेढं दिसतं आणि दुसऱ्याने नाही, किंवा सरळ सुई मधेच वाकडी दिसते, असं असेल तर तो प्रश्न दोऱ्याचा नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

पायरी ४: टोक ताजं कापा

लहान, धारदार कात्रीने टोक तिरकं कापा. सरळ कापलेल्या टोकाचे सगळे तंतू एकाच जागी संपतात आणि झाडूसारखे पसरतात. तिरक्या कापात टोकाला थोडेच तंतू उरतात, ते आधी आत शिरतात आणि बाकीचे मागून येतात.

स्वयंपाकघरातली दुधाच्या पिशव्या कापायची कात्री इथे चालत नाही. ती दोरा कापत नाही, चेंगरते. दाताने तोडणं तर त्याहून वाईट: टोक चपटं, ओलं आणि फुटलेलं निघतं. शिवाय वर्षानुवर्षं दाताने दोरे तोडणाऱ्यांच्या पुढच्या दातांना खाच पडते, शिवणकाम करणाऱ्यांत ती दिसते. हाताने ताणून तोडला तर टोकाचा पीळ उलगडतो आणि तंतू वेगवेगळ्या ठिकाणी तुटतात.

आता थुंकीचं बघू. जिभेवर दोरा फिरवायची सवय सुती दोऱ्याच्या काळातली. किंचित ओलावा सुती तंतू एकत्र बसवतो, पण जास्त ओला झाला की सुती दोरा फुगतो आणि मऊ पडतो. आज बहुतेक रिळं पॉलिस्टरची, आणि पॉलिस्टर पाणी जवळपास पितच नाही. म्हणून दोरा कोरडा ठेवा आणि ओलं करायचंच असेल तर नेढं ओलं करा. बोट पाण्यात बुडवून सुईच्या नेढ्यावरून फिरवा. नेढ्यात पाण्याचा थेंब धरतो आणि टेकलेलं टोक आत ओढून घ्यायला मदत करतो. काम झालं की सुई पुसा, नाहीतर गंजेल.

टोक तरीही लवचीक वाटत असेल तर कोरड्या साबणाच्या वडीवरून एकदा ओढा आणि नखांमध्ये दाबून चपटं करा. मधमाशीचं मेण असेल तर उत्तम. मेणावरून ओढलेला सुती दोरा कडक होतो आणि शिवताना गुंततही कमी. रेशमी किंवा फिक्या साडीवर मात्र मेण लावलेला दोरा वापरू नका. इस्त्री फिरली की डाग उमटू शकतो.

*तपासा:* टोक अर्धा सेंटीमीटर बाहेर काढून आडवं धरा. ते सरळ राहिलं पाहिजे. खाली झुकत असेल किंवा दोन-तीन तंतू फाकलेले दिसत असतील तर पुन्हा कापा. दोऱ्याला कंजुषी नको, एक सेंटीमीटरने रीळ संपत नाही.

पायरी ५: दोरा स्थिर ठेवा, सुई त्याच्यावर आणा

हवेत दोन्ही हात अधांतरी धरून बारीक टोक बारीक भोकात घालायचं म्हणजे दोन हलत्या गोष्टींचा मेळ घालायचा. त्यात खोलीचा अंदाज येत नाही. टोक नेढ्यासमोर दिसतं, प्रत्यक्षात ते शेजारून निघून गेलेलं असतं. खालच्या पद्धतीत खोलीचा अंदाज लावावाच लागत नाही.

१. दोन्ही कोपरं टेबलावर किंवा मांडीवर टेकवा आणि मनगटं एकमेकांना लावून ठेवा. हात थरथरत असला तर दोन्ही हात एकत्र थरथरतात आणि अंतर बदलत नाही.

२. डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत दोऱ्याचं टोक धरा, अर्धा सेंटीमीटर बाहेर राहील असं.

३. चिमूट घट्ट ठेवून उजव्या हाताने दोरा खालून हळूच मागे ओढा, वर काहीच उरत नाही असं वाटेपर्यंत. अंगठा आणि तर्जनी जिथे मिळतात त्या फटीत दोऱ्याचा फक्त रंगीत ठिपका दिसला पाहिजे.

४. उजव्या हातात सुई नेढ्याच्या जरा खाली धरा. सुई त्या फटीला समांतर, आडवी, आणि नेढ्याचं भोक बरोबर ठिपक्याकडे. चिमटीत दाबल्यामुळे दोरा फटीच्या दिशेनेच चपटा झालेला असतो. सुईही त्याच दिशेने धरली की चपटा दोरा आणि लांबट नेढं जुळतात. सुई फटीला आडवी छेदून धरली तर चपटा दोरा अरुंद बाजूत अडकतो. पद्धत माहीत असूनही ज्यांना जमत नाही, त्यांचं बहुधा इथेच चुकतं.

५. नेढं ठिपक्यावर टेकवा आणि हलकेच दाबा. दाबताना चिमूट किंचित सैल करा. बोटांची मऊ गादी नेढ्यात थोडी दाबली जाते आणि दोरा तिच्याबरोबर वर येतो. पलीकडे मिलिमीटरभर टोक डोकावतं.

६. लगेच झडप घालू नका. सुई आणखी थोडी खाली सरकवा, म्हणजे टोक दोन-तीन मिलिमीटर वर येईल. मग सुई डाव्या हाताच्या बोटांत अडकवून ठेवा, उजवा हात मोकळा करा आणि नखांनी टोक पकडून ओढा.

डावखुऱ्यांनी हात उलटे घ्यावेत. पहिल्या काही वेळा हे सावकाश करा, जाड सुई आणि गडद दोरा घेऊन. हाताला वळण पडलं की न पाहताही जमतं.

*सावधान:* तीनदा हुकलं की थांबा आणि टोक नव्याने कापा. फुटलेल्या टोकावर चौथा प्रयत्न करू नका. ताज्या टोकाने आणखी तीनदा नाही जमलं तर पायरी १ वर जा, सुई बारीक आहे.

पायरी ६: तरीही जमत नसेल तर

*सुई रोवून ठेवा.* एका हाताने काम करावं लागत असेल किंवा कंप जास्त असेल तर सुईचं टोक पिनकुशनमध्ये, थर्माकोलच्या तुकड्यात किंवा साबणाच्या वडीत रोवा, नेढं वर आणि तुमच्याकडे. मागे कागद उभा करा. आता हलतोय फक्त दोरा. फोनचा कॅमेरा झूम करून डब्याला टेकवून ठेवला की भिंगाचंही काम होतं, पण पडद्यावर हात जरा उशिरा हलताना दिसतो, त्याची सवय व्हावी लागते.

*दोरा ओवायची तार.* टेलरिंगच्या सामानाच्या दुकानात नीडल थ्रेडर मागा. पत्र्याच्या छोट्या तुकड्याला चौकटच्या आकाराची अतिशय बारीक तार लावलेली असते आणि किंमत किरकोळ असते. तारेचं टोक नेढ्यातून पूर्ण पलीकडे काढा, चौकट उघडली की तिच्यातून दोन-तीन इंच दोरा घाला आणि तार सरळ मागे ओढा. दोरा दुहेरी होऊन नेढ्यातून बाहेर येतो. नेहमीची तक्रार ‘पहिल्याच दिवशी तार निघाली’. त्याची कारणं दोनच: जाड दोरा बारीक सुईत जबरदस्तीने ओढला, किंवा तार वाकडी ओढली. ओढताना अडकलं तर जोर लावू नका, दोरा काढा आणि मोठ्या नेढ्याची सुई घ्या. अतिबारीक सुयांच्या नेढ्यात तारच शिरत नाही, तिथे हिचा उपयोग नाही.

*टेबलावरचं यंत्र.* खाचेत सुई नेढं खाली करून घालायची, दोरा आडवा ठेवायचा आणि कळ दाबायची. रोज शिवणाऱ्या ज्येष्ठांसाठी पैसे वसूल. मात्र सुई नेढ्याकडूनच आत जायला हवी आणि दोरा फार जाड नको.

*कापलेल्या नेढ्याची सुई.* हिच्या डोक्यावर छोटी फट असते. दोरा वरून ताणून दाबला की ‘टक’ करून आत बसतो. अगदी कमी दिसणाऱ्यांना ही मोठी सोय आहे, केवळ स्पर्शाने ओवता येते. पण फटीची कड दोऱ्याला घासते आणि जाड कापडात जोर लागला की दोरा त्याच फटीतून निसटतो. बटण, हुक अशा छोट्या कामाला ठीक, मीटरभर तुरपाईला नको.

तळहातावर दोरा ठेवून त्यावर सुई घासायची आणि दोरा आपोआप नेढ्यात येतो, असे व्हिडिओ फिरत असतात. जमतं ते, पण बारीक मऊ दोरा आणि मोठं नेढं असेल तेव्हाच. घामट तळहातावर दोरा चिकटून बसतो. गंमत म्हणून करून पाहा, त्यावर विसंबू नका.

पायरी ७: ओवल्यानंतर निसटू देऊ नका

एवढा खटाटोप करून दुसऱ्याच टाक्याला सुई मोकळी होते, कारण शेपूट आखूड ठेवलेलं असतं. एकेरी दोऱ्याने शिवताना नेढ्यापलीकडे साधारण एक तृतीयांश दोरा, म्हणजे १२ ते १५ सेंटीमीटर सोडा. दोरा संपत येईल तसं शेपूट ओढून घ्या. नेढ्यातला दोरा एकाच जागी राहिला तर तिथेच झिजून तुटतो, म्हणून अधूनमधून सुई थोडी सरकवा.

गाठीसाठी तर्जनीवर एक वेढा घेऊन अंगठ्याने लोटायची पद्धत सर्वांना माहीत असते, पण तिची गाठ कधी मोठी, कधी अर्धवट पडते. त्यापेक्षा दोऱ्याचं टोक सुईवर आडवं ठेवा, अंगठ्याने दाबा, सुईभोवती दोऱ्याचे दोन-तीन वेढे घ्या, वेढे चिमटीत पकडून सुई पुढे ओढा आणि वेढे शेवटपर्यंत सरकवत न्या. दर वेळी सारखी, गोल गाठ बसते. पातळ साडीवर किंवा विरळ विणीच्या कापडावर गाठ आरपार निघून येते किंवा उलट बाजूने दिसते. तिथे गाठ मारू नका, एकाच जागी दोन बारीक उलटे टाके घ्या.

*तपासा:* शिवायला लागण्याआधी दोरा नेढ्यातून एकदा मागे-पुढे ओढा. सहज सरकला पाहिजे. खर्रकन अडकत असेल किंवा लव निघत असेल तर आत्ताच सुई बदला. मधेच दोरा पिळून वेटोळी पडू लागली तर कापड वर उचलून सुई खाली लोंबू द्या, ती गरगर फिरून पीळ सोडते.

एकदम आठ-दहा सुया ओवून ठेवायच्या असतील तर

घरात शिवणाऱ्या आजीला दोरा ओवायला दर वेळी कुणाला तरी हाक मारावी लागते, आणि हाक मारली की घरातलं माणूस ‘आलोच’ म्हणून तासाने येतं. त्यावर हा उपाय.

रिळाच्या एकाच टोकातून एकामागून एक आठ-दहा सुया ओवा, दोरा तोडू नका. टोकाला मोठी गाठ मारा, म्हणजे सुया घसरणार नाहीत. शिवायची वेळ आली की टोकाजवळची एक सुई तिथेच ठेवून बाकी सगळ्या रिळाकडे सरकवा. हवा तितका दोरा ओढा आणि पहिली सुई व उरलेल्या सुया यांच्या मधे कापा. पहिली सुई दोऱ्यासकट तुमच्या हातात, टोकाची मोठी गाठ कापून टाका. उरलेल्या सुया रिळाच्या दोऱ्यावरच राहतात.

*सावधान:* कापल्याबरोबर रिळाच्या नव्या टोकाला लगेच गाठ मारा. हे विसरलं की सगळ्या सुया एका झटक्यात जमिनीवर. काळा आणि पांढरा असे दोन रंग तयार ठेवले की आठवड्याचं किरकोळ काम निभावतं. रीळ मुलांच्या हाताला लागणार नाही असं झाकणाच्या डब्यात ठेवा.

वेगळ्या दोऱ्यांसाठी

*भरतकामाचा सहापदरी दोरा.* लडीतून हवे तितके पदर एकेक करून सोडवा, सगळे एकदम ओढले की गुंता होतो. मग सगळ्यांची टोकं एकत्र जुळवा, पण सुटी टोकं ओवायला जाऊ नका. दोऱ्याचा टोकाजवळचा भाग सुईच्या अंगावरून दुमडून घट्ट ताणा, दुमड नखांत चपटी दाबा, सुई अलगद काढून घ्या आणि ती चपटी दुमड नेढ्यात ढकला. सुटी टोकं फाकतात, दुमड फाकत नाही. दोन-तीन पदरांना ७ नंबरच्या आसपासची भरतकामाची सुई पुरते, सहाही पदर घ्यायचे तर ३ किंवा ४.

*जर.* चकचकीत पट्टी आतल्या गाभ्यावर गुंडाळलेली असते. कापताच ती उसवते. कापायच्या जागी आधी पारदर्शक नेलपॉलिशचा बारीक थर द्या, पूर्ण वाळू द्या आणि मग त्याच्या मधोमध तिरका काप घ्या. दोरा नेहमीपेक्षाही आखूड ठेवा, वीत-दीड वीत. नेढ्यात घासून जर लवकर फाटते.

*लोकर.* बोथट टोकाची, मोठ्या नेढ्याची सुई. वरचीच दुमडीची पद्धत, किंवा कागदाची: नेढ्यात मावेल एवढी अरुंद कागदी पट्टी घ्या, तिच्या घडीत लोकरीचं टोक ठेवा आणि घडीची बाजू पुढे करून सगळं मिळून नेढ्यातून ढकला. पलीकडून कागद ओढला की लोकर येते.

*गोधडी.* जाड सुती दोरा आणि लांब, दणकट सुई. दोरा मेणावरून ओढून घ्या, थरांमधून जाताना तो कमी झिजतो. इथे नेढं मोठं असतं, त्यामुळे दोरा संपत आला की नव्या दोऱ्याचं टोक जुन्या शेपटाला बारीक गाठीने बांधून नेढ्यातून ओढून घेता येतं. गाठ अडली तर ओढाताण करू नका, कापून नीट ओवा. पोती शिवायच्या दाभणाला आणि सुतळीला यातलं फारसं काही लागत नाही. सुतळीचं टोक थोडं पिळून, लागलं तर मेण चोळून सरळ घाला.

सुई ठेवताना

काम झाल्यावर सगळा दोरा काढून टाकू नका. वीतभर रंगीत दोरा सुईत राहू द्या. फरशीवर पडलेली नुसती सुई दिसत नाही, तिच्यातला लाल दोरा दिसतो. मोजून सुया काढा आणि मोजूनच परत ठेवा, विशेषतः घरात रांगतं मूल असेल तर. सुई तोंडात धरू नका, पदरात किंवा शर्टाच्या छातीवर खोचू नका, गादीत तर कधीच नाही. एखादी हरवलीच तर हाताने चाचपडू नका. जुन्या स्पीकरमधला लोहचुंबक कापडात गुंडाळून जमिनीवरून फिरवा. सुई चिकटली की कापड उलटं करून ती सोडवून घ्या.